सिग्नलची वाट एकानेच पाहायची: बहुथ्रेडी सी प्रोग्रॅम आणि सिगवेट

1 जुलै 2024 रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएच या दूरच्या यंत्रावर लॉग-इन करू देणाऱ्या प्रोग्रॅममधली एक खोट जाहीर केली आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांची जगभर धावपळ उडाली. सीव्हीई-2024-6387 या क्रमांकाने नोंदलेली ती खोट अशी होती: जोडणी करणाऱ्याने 120 सेकंदांत ओळख पटवली नाही, की सर्व्हरमध्ये गजर वाजायचा, म्हणजे त्याला एक सिग्नल यायचा. गजर वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधून लॉग लिहिला जायचा, आणि लॉग लिहिणारं फंक्शन आतून मेमरी मागायचं. गजर नेमका मेमरीच्या हिशेबाच्या मधोमध वाजला, तर तो हिशेब बिघडायचा. 32-बिट लिनक्सवर सरासरी 10,000 प्रयत्नांत ही वेळ साधता येते आणि परक्या माणसाला रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळू शकतात, हे क्वालिसने दाखवून दिलं. हीच खोट 2006 साली एकदा दुरुस्त झाली होती. 2021 च्या 8.5 आवृत्तीत ती परत शिरली.

हा सर्व्हर बहुथ्रेडी नव्हता, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये, चालू प्रोग्रॅममध्ये, अनेक कामं समांतर (एकेक काम म्हणजे एक थ्रेड) चालवणारा नव्हता. एकच थ्रेड असताना जर सिग्नलची वेळ इतकी घातक ठरू शकते, तर आठ-दहा थ्रेड एकाच मेमरीत काम करत असताना काय होत असेल? सी भाषेत सर्व्हर, डिमन (पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्रॅम) किंवा यंत्र चालवणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतो. त्याचं उत्तर पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकात 1995 सालापासून आहे. फंक्शनचं नाव सिगवेट. ते वापरायला अवघड नाही, पण त्याच्या आधी एक शिस्त पाळावी लागते आणि बहुतेक जण चुकतात ते तिथेच.

## सिग्नल म्हणजे काय

सिग्नल म्हणजे कर्नलने, प्रणालीच्या गाभ्याने, प्रोसेसला दिलेली एक छोटी हाक. तिच्यात मजकूर जवळजवळ नसतो, फक्त क्रमांक असतो. कंट्रोल-सी दाबलं की सिगइंट, क्रमांक 2. 'आता आवरतं घे' असं सांगणारा सिगटर्म, क्रमांक 15. टर्मिनल तुटलं की सिगहप, क्रमांक 1. पुष्कळ डिमन त्याचा अर्थ 'कॉन्फिगरेशन पुन्हा वाच' असा लावतात. सिगकिल, क्रमांक 9, हा मात्र हाक नसून थेट शेवट असतो. तो अडवता येत नाही, पकडता येत नाही, दुर्लक्षितही करता येत नाही.

हाक आल्यावर काय करायचं हे प्रोग्रॅम आधीच सांगून ठेवू शकतो: काही करू नको, नेहमीचं कर (बहुतेक सिग्नलांसाठी म्हणजे प्रोसेस संपव), किंवा माझं हे फंक्शन चालव. या फंक्शनला हँडलर म्हणतात. आणि खरी गोम हँडलर कधी चालतो यात आहे. तो चालतो मधेच. थ्रेड जिथे असेल तिथे त्याला थांबवलं जातं, त्याच्याच स्टॅकवर (फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीवर) हँडलर चालतो आणि मग जिथून उचललं तिथे थ्रेडला परत ठेवलं जातं.

एक हिशेबनीस वहीत मोठी बेरीज करतो आहे असं समजा. हातचे दोन धरले आहेत, पुढचा आकडा लिहायचा आहे. तेवढ्यात कोणी त्याचं मनगट धरून त्याच वहीच्या त्याच पानावर दुसरी नोंद करायला लावली. नोंद झाली, मनगट सुटलं. हातचे दोन कुठे गेले?

## मॅलॉकच्या मधोमध

मॅलॉक हे मेमरी देणारं फंक्शन म्हणजे हीच वही. मोकळ्या तुकड्यांच्या याद्या जोडताना-तोडताना ते आतून एक कुलूप लावतं, म्हणजे लॉक घेतं. लॉक घेतलेला असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही मॅलॉकला हाक मारली, तर हँडलर त्याच लॉकसाठी थांबतो. लॉक सोडणारा मात्र हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही, कारण दोघेही एकच थ्रेड आहेत. प्रोग्रॅम कायमचा गोठला. यालाच डेडलॉक म्हणतात. लॉक नसता तर याहून वाईट झालं असतं: याद्याच बिघडल्या असत्या.

म्हणून हँडलरमधून कोणती फंक्शनं बोलवायची याची पॉझिक्सने एक मर्यादित यादी दिली आहे. राइट, अंडरस्कोर-एक्झिट, सेम_पोस्ट ही तिच्यात आहेत. प्रिंटएफ नाही, मॅलॉक आणि फ्री नाहीत, सिसलॉग नाही. आणि बहुथ्रेडी प्रोग्रॅमला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट म्हणजे म्युटेक्स, म्हणजे लॉक, घेणारं पीथ्रेड_म्युटेक्स_लॉक आणि झोपलेल्या थ्रेडला उठवणारं पीथ्रेड_कंड_सिग्नल हीसुद्धा नाहीत. थ्रेडना एकमेकांशी बोलण्यासाठी दिलेली हीच मुख्य साधनं आहेत. हँडलरमध्ये पाऊल टाकलं की ती हातातून जातात.

अशा चुका चाचणीत सापडत नाहीत. सिग्नल मॅलॉकच्या काही नॅनोसेकंदांच्या खिडकीतच यावा लागतो. हजार वेळा प्रोग्रॅम नीट थांबतो, एक हजार एकाव्या वेळी लटकतो, आणि तेव्हा समोर कोणी नसतं.

## थ्रेड अनेक, सिग्नल कोणाला?

इथे तीन नियम नीट वेगळे ठेवावे लागतात. ते एकमेकांत मिसळले की पुढचं काहीच समजत नाही.

पहिला: सिग्नल आल्यावर काय करायचं हा निर्णय अख्ख्या प्रोसेसचा. एका थ्रेडने हँडलर बदलला की तो सगळ्यांसाठी बदलतो.

दुसरा: कोणते सिग्नल सध्या दाराबाहेर अडवून ठेवायचे ही यादी प्रत्येक थ्रेडची स्वतःची. या यादीला मास्क म्हणतात आणि सिग्नल अडवण्याला ब्लॉक करणं. ब्लॉक केलेला सिग्नल हरवत नाही, तो 'पेंडिंग' म्हणून थांबून राहतो.

तिसरा: प्रोसेसला उद्देशून आलेला सिग्नल, म्हणजे किल कमांडने पाठवलेला किंवा कंट्रोल-सीने आलेला, तो ब्लॉक न केलेल्या थ्रेडांपैकी कोणत्याही एकाला मिळतो. कोणत्या, ते मानक सांगत नाही. उलट शून्याने भागल्यामुळे किंवा चुकीच्या पत्त्याला हात लावल्यामुळे उद्भवलेला सिग्नल ज्याने ती चूक केली त्याच थ्रेडला जातो, आणि पीथ्रेड_किलने पाठवलेला नाव घेतलेल्या थ्रेडला.

तिसऱ्या नियमाचा परिणाम गंभीर आहे. सिगटर्म आज मुख्य थ्रेडला मिळेल, उद्या डेटाबेसचा लॉक धरून बसलेल्या थ्रेडला. तुम्ही वापरलेल्या एखाद्या लायब्ररीने गुपचूप काढलेल्या थ्रेडलाही मिळू शकेल, ज्याच्या स्टॅकवर तुमचा हँडलर चालेल अशी त्या लायब्ररीच्या लेखकाने कल्पनाही केली नसेल.

## उलटा रस्ता: दार बंद, एक जण टपालपेटीपाशी

सिगवेटची कल्पना अशी: कोणालाही मधेच उठवू नका. सगळ्या थ्रेडांनी ते सिग्नल ब्लॉक करायचे. सिग्नल आले की पेंडिंग होतील, टपालपेटीत पडलेल्या पत्रांसारखे. मग एका थ्रेडने पेटीपाशी बसायचं आणि सिगवेटला सांगायचं, 'यांपैकी काही आलं की मला दे'. पेटी रिकामी असेल तर तो थ्रेड झोपतो आणि प्रोसेसर अजिबात खर्च होत नाही. सिग्नल आला की सिगवेट तो पेटीतून काढून घेतं, त्याचा क्रमांक देतं आणि साध्या फंक्शनसारखं परत येतं. हँडलर चालतच नाही.

याचं मोल 'साध्या फंक्शनसारखं' या दोन शब्दांत आहे. सिगवेटच्या पुढच्या ओळीवर तुम्ही सामान्य कोडमध्ये असता. प्रिंटएफ करा, फाइल उघडा, म्युटेक्स घ्या, कॉन्फिगरेशन पुन्हा वाचा. सुरक्षित फंक्शनांची यादी लागू नाही, कारण कोणाच्याही हातातलं काम तोडलेलं नाही. या थ्रेडने तरी ते तोडून घेतलेलं नाही, तो वाट पाहतच होता.

## प्रत्यक्ष मांडणी

मेन या प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनच्या अगदी सुरुवातीला, एकही थ्रेड निर्माण होण्याआधी, सिगसेट_टी प्रकारचा एक संच तयार करा. सिगएम्प्टीसेटने तो रिकामा करा आणि सिगअ‍ॅडसेटने सिगइंट, सिगटर्म, सिगहप घाला. मग पीथ्रेड_सिगमास्कला सिग_ब्लॉक, हा संच आणि जुना मास्क साठवायला एक चल द्या. तिसरी जागा रिकामी ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. जुना मास्क पुढे लागणार आहे. सिगप्रोकमास्क हे जुनं फंक्शनही दिसेल, पण बहुथ्रेडी प्रोसेसमध्ये त्याचं वागणं मानकाने ठरवलेलं नाही, म्हणून ते इथे नको.

हे आधीच का करायचं? नवा थ्रेड जन्मताना त्याला निर्मात्या थ्रेडचा मास्क वारशाने मिळतो. मेनने आधी ब्लॉक केलं तर नंतरचे सगळे थ्रेड ब्लॉक केलेलेच जन्मतात. क्रम उलटा झाला, थ्रेड आधी आणि मास्क नंतर, तर आधीचा एक थ्रेड उघडा राहतो. सिगटर्म त्याला सापडतो, हँडलर नसतो, नेहमीची कृती घडते आणि अख्खी प्रोसेस मरते. सिगवेटमध्ये बसलेला थ्रेड तसाच वाट पाहत मरतो. 'सिगवेट चालत नाही' अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

त्यानंतर कामाचे थ्रेड काढा. वाट पाहण्यासाठी वेगळा थ्रेड काढता येतो, पण बऱ्याच प्रोग्रॅमना मुख्य थ्रेडच त्या जागी बसवणं जास्त सोयीचं पडतं. मेन सगळी जुळवाजुळव करतो, कामगार थ्रेड काढतो आणि स्वतः सिगवेटच्या फेऱ्यात बसतो. सिगहप आला तर कॉन्फिगरेशन वाचा आणि पुन्हा वाट पाहा. सिगटर्म किंवा सिगइंट आला तर सगळ्यांना थांबायला सांगा, पीथ्रेड_जॉइनने त्यांची वाट पाहा आणि बाहेर पडा. वेगळा थ्रेड घेतला तर तो नेहमीच्या मार्गाने थांबवायची सोयही करावी लागते. सिगवेट हा पीथ्रेड_कॅन्सलने मोडता येणारा थांबा आहे, किंवा संचातलाच एखादा सिग्नल पीथ्रेड_किलने त्याला पाठवता येतो. मेन स्वतः वाट पाहत असेल तर हा प्रश्न बराच हलका होतो.

परतीच्या मूल्यात एक खाच आहे. सिगवेट यशस्वी झालं तर 0 देतं आणि सिग्नलचा क्रमांक तुम्ही दिलेल्या पॉइंटरच्या जागी लिहितं. चूक झाली तर त्या चुकीचा क्रमांक थेट परत देतं, एर्नो या नेहमीच्या चलात ठेवत नाही. उणे एकशी तुलना करणारा कोड नीट चालतोय असं दिसेल आणि चूक गिळेल.

## कामगार थ्रेडना उठवायचं कसं?

हा आक्षेप रास्त आहे, आणि यावर घाईने पुढे जाऊ नये. सिग्नल ब्लॉक केल्याचा एक फायदा म्हणजे कामगार थ्रेडांची रीड, अ‍ॅक्सेप्ट, पोल (वाचणं, जोडणी स्वीकारणं, घटनेची वाट पाहणं) ही फंक्शनं सिग्नलमुळे अर्धवट तुटत नाहीत, म्हणजे ईइन्टर ही चूक घेऊन परत येत नाहीत. पण तोच तोटाही आहे. अ‍ॅक्सेप्टमध्ये झोपलेल्या थ्रेडला आता सिग्नल जागं करणार नाही.

कामगार जर कामांच्या रांगेपाशी कंडिशन व्हेरिएबलवर (थ्रेडना झोपवून खुणेने उठवणाऱ्या साधनावर) थांबत असतील, तर काम सोपं आहे. वाट पाहणारा थ्रेड म्युटेक्स घेतो, 'थांबा' ही खूण लावतो आणि पीथ्रेड_कंड_ब्रॉडकास्ट करतो. हँडलरमध्ये हे करता आलं नसतं, इथे बिनधास्त करता येतं.

कामगार सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीवर, थांबत असतील तर त्यांना नुसत्या रीड किंवा अ‍ॅक्सेप्टमध्ये झोपू देऊ नका, पोलमध्ये झोपवा. पोलला दोन गोष्टींवर नजर ठेवायला सांगा: त्यांचं सॉकेट आणि एका पाइपचं (एकीकडून लिहून दुसरीकडून वाचायच्या वाहिनीचं) वाचायचं टोक. थांबायची वेळ आली की वाट पाहणारा थ्रेड पाइपचं लिहायचं टोक बंद करतो. वाचायच्या टोकावर सगळ्या कामगारांना एकाच वेळी ही घटना दिसते आणि कोणी काही वाचून संपवायचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेटच क्लोज करून टाकायची पळवाट टाळा. लिनक्सवर त्याने झोपलेला थ्रेड उठेलच असं नाही. शिवाय तो डिस्क्रिप्टर क्रमांक (उघडलेल्या फाइलचा किंवा सॉकेटचा क्रमांक) लगेच दुसऱ्या फाइलला मिळू शकतो, आणि मग कामगार भलत्याच फाइलवर लिहितो.

## हँडलरमध्ये नुसती एक खूण लावली तर?

व्होलाटाइल सिग_अ‍ॅटॉमिक_टी प्रकारचं एक चल घ्यायचं, हँडलरने ते 1 करायचं, मुख्य फेऱ्याने ते बघायचं. एका थ्रेडच्या, सतत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला हे पुरतं. पण झोपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक फट राहते: खूण बघितली, ती 0 होती, आता झोपायला जायचं, आणि नेमका त्या दोन पावलांमध्ये सिग्नल आला. खूण लागली, पण बघून झालं होतं. आता झोप लागली ती पुढच्या सिग्नलपर्यंत.

थ्रेड अनेक असले की आणखी दोन अडचणी येतात. त्या प्रकाराची हमी एक थ्रेड आणि त्याच्यावरच चाललेला हँडलर यांच्यापुरतीच आहे. दुसऱ्या थ्रेडला बदल दिसायचा तर सी11 मधले अ‍ॅटॉमिक प्रकार हवेत. आणि सिग्नल एकाच थ्रेडला मिळतो, म्हणजे फार तर एकाची झोप मोडेल. बाकीचे खुणेकडे पाठ करून झोपलेले राहतील.

दुसरी जुनी युक्ती म्हणजे हँडलरने एका पाइपमध्ये एक बाइट लिहायचा आणि मुख्य फेऱ्याने पोलमधून तो वाचायचा. ही डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती खरोखर चांगली आहे. राइट सुरक्षित यादीत आहे. दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग (थांबून न राहणारी) ठेवायची आणि हँडलरने एर्नो आधी जपून शेवटी परत ठेवायचा, एवढं सांभाळलं की काम होतं. सिग्नल कोणत्या थ्रेडवर येतो याने तिला फरक पडत नाही. तिची खरी गरज कुठे पडते, ते पुढे येईल.

## सगळेच सिग्नल संचात घालायचे का?

नाही. सिगसेग्व्ह, सिगबस, सिगएफपीई, सिगइल हे थ्रेडच्या स्वतःच्या चुकीतून उद्भवतात. चुकलेली सूचना पुढे नेणं शक्य नसतं, म्हणून असा सिग्नल ब्लॉक असताना उद्भवला तर मानक काहीच हमी देत नाही. लिनक्स प्रोसेस मारून टाकतं. 'सगळं भरा' म्हणून सिगफिलसेट वापरलात तर हे चार सिगडेलसेटने बाहेर काढा.

सिगपाइप वेगळ्या तऱ्हेने हाताळा. समोरच्याने जोडणी तोडल्यावर लिहिलं की तो लिहिणाऱ्या थ्रेडलाच येतो. तो दुर्लक्षित करून टाकावा. मग राइट साधी चूक परत देतं आणि ज्याने लिहिलं त्यालाच ती कळते.

सिगक्विट, क्रमांक 3, मी संचात घालू नये असंच म्हणेन. कंट्रोल आणि उलट्या तिरक्या रेषेने तो येतो आणि कोअर फाइल (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) टाकण्याची मुभा असेल तर प्रोसेस कोअर टाकून संपते. त्यात प्रत्येक थ्रेड कुठे अडकला होता ते दिसतं. प्रोग्रॅम लटकलेला असताना एवढा उपयोगी मार्ग आपणच बंद का करायचा?

## दिवा एकच, बटण कितीही वेळा दाबा

टपालपेटीची उपमा इथे थोडी फसवते. नेहमीचे सिग्नल रांगेत साठत नाहीत. प्रत्येक क्रमांकाचा एक दिवा असतो, पेटलेला किंवा विझलेला. सिगवेटने दिवा विझवण्याआधी सिगहप तीनदा आला तरी तुम्हाला एकदाच मिळतो.

कॉन्फिगरेशन वाचण्याच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. उपप्रोसेस संपल्यावर येणाऱ्या सिगचाइल्डच्या बाबतीत बिघडतं. तीन उपप्रोसेस जवळजवळ एकाच वेळी संपल्या तर सिग्नल एक किंवा दोनच मिळू शकतात. म्हणून एका सिग्नलला एक वेटपिड (संपलेल्या उपप्रोसेसची नोंद घेणारं फंक्शन) असा हिशेब करू नका. डब्ल्यूनोहँग (थांबू नको) देऊन, आणखी कोणी संपलेलं नाही असं उत्तर मिळेपर्यंत, वेटपिड फिरवत राहा. नाहीतर झाँबी प्रोसेस (संपलेल्या, पण नोंद न घेतलेल्या) साचत जातात. सिगचाइल्ड दुर्लक्षित करायला सांगितलं, तर लिनक्सवर तो सिग्नल येतच नाही आणि उपप्रोसेस आपोआप साफ होतात. म्हणजे सिगवेट त्याच्यासाठी कायम बसून राहील. लिनक्सपलीकडे चालणारा कोड हवा असेल तर सिगचाइल्डला एक रिकामा हँडलर लावून ठेवा. ज्याची नेहमीची कृती 'दुर्लक्ष' आहे असा ब्लॉक केलेला सिग्नल पेंडिंग ठेवायचा की टाकून द्यायचा, हे मानकाने त्या त्या प्रणालीवर सोडलं आहे.

मोजून हवे असतील तर रिअल-टाइम सिग्नल आहेत. ते रांगेत साठतात, लहान क्रमांक आधी मिळतो आणि सिगक्यूने सोबत एक पूर्णांकही पाठवता येतो. लिनक्सवर त्यांचे पहिले दोन क्रमांक, 32 आणि 33, जीलिबसी या सी लायब्ररीने थ्रेडांच्या अंतर्गत कामासाठी राखले आहेत. म्हणून आकडे हाताने लिहू नका, सिगआरटीमिनपासून मोजा.

दिव्याचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या सिगटर्मनंतर तुमचा थ्रेड आवराआवरीत गुंतला आणि ती कुठेतरी अडकली, तर पुढचे सगळे सिगटर्म आणि कंट्रोल-सी नुसते पेंडिंग राहतात. माणूस कंट्रोल-सी दाबत बसतो आणि काहीच होत नाही. म्हणून आवराआवर दुसऱ्या थ्रेडकडे द्या आणि सिगवेटचा फेरा चालू ठेवा. दुसऱ्यांदा सिगइंट आला की अंडरस्कोर-एक्झिटने थेट बाहेर पडा. प्रोग्रॅम चालवून थांबवणाऱ्या साधनांचं वेळेचं बंधन तसंही असतं. डॉकर सिगटर्मनंतर 10 सेकंद थांबतं आणि सिगकिल पाठवतं, कुबरनेटिस 30 सेकंद देतं आणि सिस्टमडी सहसा 90. हे आकडे बदलता येतात, पण आवराआवर त्यांच्या आत बसली पाहिजे.

डॉकरचा विषय निघालाच आहे म्हणून: त्याच्या कंटेनरच्या (प्रोग्रॅमच्या बंदिस्त खोलीच्या) आत पहिल्या क्रमांकाने चालणाऱ्या प्रोसेसला कर्नल वेगळी वागणूक देतं. सिगटर्मसाठी तिने काहीच ठरवलेलं नसेल तर तो सिग्नल तिला मारत नाही, सरळ सोडून दिला जातो. मग दर वेळी थांबवताना पूर्ण 10 सेकंद वाया जातात. ब्लॉक करून सिगवेट केलेल्या प्रोसेसला तो नीट मिळतो.

## मास्कचा वारसा एक्झेकच्या पलीकडेही जातो

ही चूक सगळ्यात उशिरा उघडकीस येते. फोर्कने प्रोसेसची प्रत काढल्यावर त्या मुलाला मास्क मिळतो आणि एक्झेकने वेगळाच प्रोग्रॅम चालू केला तरी मास्क तसाच राहतो. हँडलर एक्झेकला पुसले जातात, मास्क पुसला जात नाही. तुमच्या डिमनने चालवलेली साधी स्क्रिप्ट मग कंट्रोल-सीला जुमानत नाही, सिगटर्मलाही नाही, आणि दोष तिच्यात शोधला जातो. सिस्टम आणि पोपेन या फंक्शनांनी चालवलेल्या कमांडनाही हेच लागू होतं.

सुरुवातीला जपून ठेवलेला जुना मास्क इथे कामाला येतो. फोर्कनंतर, एक्झेकच्या आधी, मुलात तो परत लावा. पॉझिक्स_स्पॉन वापरत असाल तर त्याच्या गुणधर्मांत सिगमास्क देता येतो, तिथे तोच द्या.

## लायब्ररीने आधीच थ्रेड काढले असतील तर?

लायब्ररी तुमच्या हाकेवर थ्रेड काढत असेल तर मेनच्या सुरुवातीचा मास्क पुरेसा आहे. पण मेन चालू होण्याआधीच, लोड होतानाच, थ्रेड काढणारी लायब्ररी असली, की त्या थ्रेडवर तुमचा ताबा राहत नाही. त्याचा मास्क बाहेरून बदलता येत नाही. मास्क ज्याचा त्यानेच बदलायचा असतो. अशा वेळी बर्नस्टाइनची पाइपची युक्ती वापरा, कारण ती कोणत्याही थ्रेडवर चालते. आणि तुम्ही स्वतः लायब्ररी लिहीत असाल तर तुमचे थ्रेड काढण्यापूर्वी वरचे सिगसेग्व्हसारखे चार वगळून सगळे सिग्नल ब्लॉक करा, थ्रेड काढा, लगेच जुना मास्क परत लावा. वापरणाऱ्याच्या सिग्नलांना तुमचे थ्रेड मग कधीच आडवे येणार नाहीत.

## सिगवेटची भावंडं

सिगवेटइन्फो क्रमांकासोबत सिग्नल कोणी पाठवला तेही सांगतं: पाठवणाऱ्याचा प्रोसेस क्रमांक आणि वापरकर्ता क्रमांक. 'रात्री सर्व्हर कोणी थांबवला' या प्रश्नासाठी ही एक ओळ लॉगमध्ये असणं फार उपयोगी पडतं. सिगटाइम्डवेट ठरावीक वेळच वाट पाहतं आणि वेळ संपली की ईअगेन देतं. ही दोन्ही सिगवेटच्या उलट वागतात: यशाला सिग्नलचा क्रमांक परत, अपयशाला उणे एक आणि कारण एर्नोमध्ये. संचाबाहेरच्या सिग्नलचा हँडलर चालला तर ती ईइन्टर घेऊन परत येऊ शकतात, तेव्हा पुन्हा हाक मारावी. मॅकओएसवर सिगवेट आहे, ही दोन नाहीत.

लिनक्सच्या 2.6.22 आवृत्तीपासून सिग्नलएफडीही आहे. त्यात सिग्नल फाइलसारखे वाचता येतात, एका सिग्नलला 128 बाइटची एक नोंद. प्रोग्रॅम आधीच ईपोलच्या (पोलच्या लिनक्समधल्या भावंडाच्या) एका फेऱ्यावर चालत असेल तर वेगळा वाट पाहणारा थ्रेड काढण्यापेक्षा हेच वापरा. पण सिग्नल ब्लॉक करायची शिस्त इथेही तशीच लागते. सिग्नलएफडी फक्त पेटी उघडायची दुसरी पद्धत देतं, दार बंद करायचं काम करत नाही.

वेगळ्या थ्रेडच्या खर्चाची काळजी फारशी करू नका. लिनक्सवर स्टॅकसाठी सहसा 8 एमबी पत्ते राखले जातात, पण खरी मेमरी हात लावलेल्या पानांचीच लागते, आणि झोपलेला थ्रेड प्रोसेसर वापरत नाही.

## बरोबर झालं का, ते कसं पाहायचं

लिनक्सवर प्रॉक फाइलप्रणालीत प्रोसेसच्या क्रमांकाखाली टास्क नावाची निर्देशिका असते आणि तिच्यात प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र स्टेटस फाइल. तिच्यातली सिगबीएलके ही ओळ पाहा. तो सोळा अंकांचा षोडशमान आकडा म्हणजे त्या थ्रेडचा मास्क. सिग्नल क्रमांकातून एक वजा केला की त्याच्या बिटची जागा मिळते. सिगहप 1 देतो, सिगइंट 2, सिगटर्म 4000. तिघेही ब्लॉक असतील तर आकडा 4003 ने संपला पाहिजे, आणि तो सगळ्या थ्रेडांमध्ये तसाच दिसला पाहिजे. सिगवेटमध्ये झोपलेला थ्रेड मात्र याला अपवाद वाटू शकतो, कारण लिनक्स झोपेपुरते त्याच्या संचातले बिट मास्कमधून काढून ठेवतं. त्याच्याकडे शून्य दिसलं तर घाबरू नका. दुसऱ्या एखाद्या थ्रेडकडे शून्य दिसलं तर मात्र तुमचा सिगटर्म कधीतरी तिथेच जाऊन प्रोसेस मारणार आहे.

पेंडिंग सिग्नल याच फाइलमध्ये दोन ओळींत दिसतात: एसएचडीपीएनडी अख्ख्या प्रोसेसला आलेले, सिगपीएनडी त्या एका थ्रेडला आलेले. सिगटर्म पाठवूनही प्रोग्रॅम थांबत नसेल आणि एसएचडीपीएनडीमध्ये 4000 पेटलेला असेल, तर सिग्नल पोचला आहे. पेटीपाशी बसणारा थ्रेड तिथे नाही. डीबगर (चालू प्रोग्रॅमच्या आत पाहायचं साधन) लावून त्याचा स्टॅक पाहा, बहुधा तो एखाद्या जॉइनवर अडकलेला सापडेल. डीबगरखाली चालवताना कंट्रोल-सी दाबूनही प्रोग्रॅम थांबला नाही तर चकित होऊ नका. सिगवेट तो सिग्नल डीबगरला दिसण्याआधीच उचलतं. दुसऱ्या टर्मिनलवरून त्या प्रोसेसला सिगट्रॅप पाठवला की डीबगर थांबतो.